परीकथेतला वाढदिवस, आपल्या कोल्हापुरात : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लहान मुलांना गोष्टी सांगण्याचं काम करताना पालकांचे जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. सुरुवातीला मूलभूत प्रश्न, पुढे अवघड प्रसंग. एका उत्तराचा दुसऱ्याशी संबंध असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. वय साधारण ३ ते ७ धरलं आहे.

१. परीकथेची थीम म्हणजे नेमकं काय? गुलाबी फुगे लावले आणि मुकुट घातला की झालं का?

गुलाबी फुगे कुठल्याही वाढदिवसाला चालतात. परीकथेच्या वाढदिवसात मुलं दारातून आत येताच एक गोष्ट सुरू व्हायला हवी, मुलांनी त्या गोष्टीत काहीतरी करायला हवं आणि निघायच्या आधी ती गोष्ट संपायला हवी. सजावट, केक, कपडे हे सगळं त्यानंतर. म्हणून डेकोरेटरला फोन करण्याआधी घरात बसून गोष्ट ठरवा. गोष्ट ठरली की पुढचे निम्मे निर्णय आपोआप होतात. आणि गोष्ट एकच घ्या. एका भिंतीवर सिंड्रेला, दुसरीवर जलपरी, केकवर युनिकॉर्न असं केलं की फोटो छान येतात, पण मुलांना आपण कुठे आलोय हे कळत नाही.

२. गोष्ट कुठली निवडावी? मुलीला सिंड्रेलाच हवी आहे, पण सगळे तेच करतात.

मुलीला सिंड्रेला हवी असेल तर सिंड्रेलाच करा. वाढदिवस तिचा आहे. पण सिंड्रेला म्हणजे निळा झगा आणि सोनेरी केस एवढंच डोळ्यांसमोर येतं, ते चित्रपटातल्या चित्रांमुळे. गोष्ट त्याहून पुष्कळ जुनी आहे. शार्ल पेरो या फ्रेंच लेखकाने ती १६९७ मध्ये छापली. काचेचा बूट आणि भोपळ्याचा रथ त्याच्या कथेत आहेत. तेव्हा तुमची सिंड्रेला परकर-पोलक्यात आली, तिचा रथ तांबड्या भोपळ्याचा झाला आणि बुटाच्या जागी इवलीशी कोल्हापुरी चप्पल आली तरी गोष्ट मोडत नाही. चप्पल लाइनमध्ये लहान मुलांच्या मापाच्या चपला मिळतात. त्यातली एक मखमली कापडावर ठेवली की पाहुण्या मुलांचे डोळे तिथेच खिळतात.

भोपळ्याचा विषय निघालाच आहे, तर आपल्याकडची भोपळ्याची गोष्ट विसरू नका. लेकीकडे निघालेली म्हातारी, वाटेत भेटणारे वाघ-कोल्हे, ‘लेकीकडे जाईन, तूप-रोटी खाईन’ हे वचन आणि परत येताना ‘चल रे भोपळ्या टुणूक टुणूक’. ३-४ वर्षांच्या मुलांसाठी याहून चांगली गोष्ट मला माहीत नाही. तिच्यात पालुपद आहे, प्राणी आहेत, पळापळ आहे आणि म्हातारी अक्कलहुशारीने सुटते. आजी घरात असेल तर मुख्य भूमिका तिचीच. टोपी शिवून घेणाऱ्या उंदराची गोष्टही तशीच. ‘राजा भिकारी, माझी टोपी घेतली’ हे ढोलकीवर म्हणायला लागलं की लाजरी मुलंसुद्धा गळा फाडून ओरडतात.

५ वर्षांपुढच्या मुलांना थोडी लांब गोष्ट पेलते: हिमगौरी आणि सात बुटके, जादूची वेल, जंगलातलं गोड घर. या गोड घराची कोल्हापुरी आवृत्ती म्हणजे गुळाचं घर. एक-एक किलोच्या छोट्या ढेपा रचून भिंती होतात, वर ऊस तासून कौलं. नोव्हेंबरपासून गुऱ्हाळं चालू असतात तेव्हा गूळही ताजा मिळतो. मुंग्यांसाठी टेबलाचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवा आणि घर तासाभरापेक्षा जास्त आधी रचू नका.

३. कितव्या वर्षापासून हे जमतं? किती मुलं बोलवायची आणि किती वेळ ठेवायचं?

पहिला वाढदिवस हा मोठ्यांचा सोहळा असतो. त्यात थीम करायची तर करा, पण बाळाला त्यातलं काही कळत नाही. दुसऱ्या वर्षी रंग आणि गाणी. गोष्ट खऱ्या अर्थाने तिसऱ्या वर्षापासून रुजते.

मुलांच्या संख्येसाठी एक जुना हिशोब आहे: जितवा वाढदिवस, त्यात एक मिळवा. चौथ्या वाढदिवसाला ५ मुलं. आपल्याकडे शेजार, मावशी-आत्याची मुलं आणि शाळेतली मैत्रिणींची टोळी धरली तर हे जमत नाही, हे मान्य. तेव्हा १२-१५ पर्यंत जा. पण दर चार-पाच मुलांमागे एक मोठं माणूस फक्त मुलांकडे बघायला मोकळं ठेवा. ते माणूस वाढप्यात किंवा फोटोत अडकलेलं नको. वेळ ३-४ वर्षांना दीड तास, ५-७ वर्षांना दोन तास. यापुढे गोष्ट कितीही छान असली तरी मुलं थकतात. संध्याकाळी ५ ते ७ ही वेळ उत्तम. दुपारची झोप झालेली असते आणि रात्रीचं जेवण पुढे ढकलावं लागत नाही.

४. घरी करावं, टेरेसवर, हॉलमध्ये की बागेत?

१० मुलांपर्यंत घर सगळ्यात चांगलं. सोफा भिंतीला लावा, टीपॉय आत टाका, मध्ये सतरंजी. गोष्ट ऐकायला जागा लहान असलेलीच बरी. मुलं जवळ-जवळ बसतात आणि आवाज चढवावा लागत नाही.

राजारामपुरी, ताराबाई पार्क किंवा कळंब्याकडच्या अपार्टमेंटमध्ये राहत असाल तर खालचं पार्किंग किंवा टेरेस डोळ्यांसमोर येतं. टेरेसचा कठडा आधी मापून बघा. कठड्याजवळ खुर्ची, टेबल, कुंडी असं चढायला मिळेल असं काहीही नको. पार्किंगमध्ये करायचं असेल तर त्या दोन तासांपुरत्या गाड्या हलवायला शेजाऱ्यांना आदल्या दिवशी सांगा आणि गेटवर एक माणूस उभा करा.

महापालिकेच्या बागेत सजावट, स्पीकर, टेबल-खुर्च्या आणायच्या असतील तर आधी परवानगी काढा. रंकाळ्याच्या काठावर करू का, असंही खूपजण विचारतात. ५ वर्षांच्या आतल्या मुलांसाठी माझं उत्तर नाही. उघडं पाणी आणि पळणारी मुलं यांचा मेळ बसत नाही. फोटो काढायला आई-वडिलांसह जाऊन या. पन्हाळ्याचंही तेच. गड पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे, तिथे परवानगीशिवाय सजावट-पार्टी करता येत नाही. राजकन्येला खरा गड दाखवायचा असेल तर दुसऱ्या दिवशी २० किलोमीटरवर सहल काढा. ताराराणीची राजधानी पाहायला मिळणं ही त्या वयात मोठीच गोष्ट आहे.

५. आमच्या मुलाचा वाढदिवस जुलैत येतो. कोल्हापूरच्या पावसात काय करायचं?

उघड्यावरचा बेत मुळातच करू नका. ताडपत्री टाकून भागेल असं जूनमध्ये वाटतं, जुलैत ती ताडपत्री उडते. छप्पर असलेली जागा घ्या आणि पावसालाच गोष्टीत घ्या. चिऊ-काऊची गोष्ट जुलैसाठीच जन्माला आली आहे. काऊचं घर वाहून जातं, तो चिऊच्या दारात येऊन ‘चिऊताई चिऊताई दार उघड’ म्हणतो. प्रत्येक पाहुण्या मुलाला दाराशी हेच म्हणायला लावा आणि आतून उत्तर द्या, ‘थांब, माझ्या बाळाला न्हाऊ घालू दे!’ एवढ्यानेच वाढदिवस सुरू होतो.

दाराशी पायपुसणी आणि ओल्या छत्र्यांसाठी बादली ठेवा. फरशी ओली झाली की लगेच पुसायला कुणाला तरी सांगून ठेवा. पंचगंगेचं पाणी वाढलेलं असेल तर नदीपलीकडच्या गावांतल्या नातेवाइकांना आग्रह करू नका. त्यांच्यासाठी वेगळ्या रविवारी केक कापा. मुलाला दोन केक आवडतातच.

६. तारखेने करायचा की तिथीने? आणि पितृपक्षात आला तर?

औक्षण तिथीला, पार्टी तारखेला किंवा जवळच्या रविवारी. बहुतेक घरांत हा तोडगा सगळ्यांना पटतो. पितृपक्षात आला तर घरच्या ज्येष्ठांना आधी विचारा, पत्रिका पाठवून झाल्यावर नको. काही घरांत मुलांच्या वाढदिवसाला हरकत नसते, काही घरांत नवरात्र बसल्यावर करतात. मुलाला मात्र त्या दिवशी सकाळी नवा सदरा आणि आवडीचा शिरा मिळू दे. पार्टी पुढे ढकललेली त्याला चालते, वाढदिवस विसरलेला चालत नाही.

नवरात्रात करणार असाल तर अंबाबाईच्या दर्शनाची गर्दी लक्षात घ्या. महाद्वार रोड, भाऊसिंगजी रोडच्या बाजूला घर असेल तर पाहुण्यांना गाडी लांब लावून चालत यावं लागेल. तसं निमंत्रणातच लिहा.

७. सजावट स्वतः करायची आहे. राजवाडा कशाचा करायचा? थर्माकोल चालतो का?

चालत नाही. सजावटीच्या थर्माकोलवर महाराष्ट्रात २०१८ पासून बंदी आहे. १ जुलै २०२२ पासून देशभर लागू झालेल्या बंदीत सजावटीचा थर्माकोल, फुग्यांच्या प्लास्टिकच्या काड्या, प्लास्टिकची ताटं-ग्लास-चमचे-स्ट्रॉ आणि १०० मायक्रॉनपेक्षा पातळ पीव्हीसी बॅनर हे सगळं येतं.

राजवाड्यासाठी फ्रिज किंवा वॉशिंग मशीनचे पुठ्ठ्याचे खोके इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातून मागून आणा. दोन मोठे खोके बुरूज, मध्ये कमान कापलेला एक दरवाजा. कटरने कापणं मोठ्यांचं काम, रंगवणं मुलांचं. आदल्या रविवारी मुलाला आणि त्याच्या दोन मित्रांना पोस्टर कलर देऊन बसवा. विटा वेड्यावाकड्या येतील. तशाच राहू द्या, कारण वाढदिवसाच्या दिवशी तो प्रत्येकाला हात धरून ‘ही वीट मी केली’ म्हणून दाखवणार आहे.

जंगल हवं असेल तर हिवाळ्यात उसाची एक मोळी पुरते. पानांसकट ऊस दाराच्या दोन्ही बाजूंना बांधले की मुलांच्या उंचीला ते खरंच अरण्य वाटतं. पानांच्या कडा कापतात, म्हणून मुलांच्या हाताच्या उंचीपर्यंतची पानं सोलून टाका. इतर वेळी केळीचे खुंट, नारळाच्या झावळ्या. छताला टांगायला घरातल्या जुन्या सुती साड्या आणि ओढण्या यांच्यासारखं काही नाही. विकतच हवं तर इचलकरंजीचं साधं पांढरं सुती कापड घ्या, पुढे त्याचे अभ्रे होतात. दिव्यांच्या माळा एलईडीच्या घ्या आणि कापडाला टेकू देऊ नका. मुलं पोचतील तिथे पणती नको.

८. फुगे तरी चालतात ना?

साधे, तोंडाने किंवा पंपाने फुगवलेले फुगे चालतात. दोन काळज्या घ्या. फुटलेल्या किंवा न फुगवलेल्या फुग्याचा तुकडा लहान मूल तोंडात घालतं, आणि तो घशात बसला तर श्वास अडकतो. फुगा फुटला की तुकडे लगेच उचला, न फुगवलेलं पाकीट कपाटात ठेवा. दुसरं, वर उडणारे फुगे घेताना आत कुठला वायू आहे ते विचारा. हेलियम पेटत नाही, हायड्रोजन पेटतो. स्वस्तात मिळणाऱ्या फुग्यांत हायड्रोजन असू शकतो, आणि केकवरच्या मेणबत्तीशेजारी असे फुगे म्हणजे सरळ धोका. खात्री नसेल तर उडणारे फुगे नकोतच.

९. सामान कुठे मिळेल? सगळं ऑनलाइनच मागवू का?

गरज नाही. लेस, जरी, टिकल्या, रिबिनी, खोटे मोती महाद्वार रोडच्या दुकानांत मिळतात. मुकुट-छड्या-पंखांचे संच आणि कागदी सजावट शाहूपुरी, राजारामपुरीच्या गिफ्ट शॉपमध्ये. मातीची बोळकी, छोटे घडे शाहूपुरीतल्या कुंभार गल्लीत किंवा बापट कॅम्पला विचारा. गणपतीआधीचे दोन महिने तिथे कुणाला मान वर करायला सवड नसते, तेव्हा त्या काळात लागणार असेल तर आधीच घेऊन ठेवा. बाजारात जाताना मुलाला बरोबर न्या. रंग त्याला निवडू द्या.

१०. राजकन्येचा ड्रेस भाड्याने घ्यावा, विकत घ्यावा की शिवावा?

भाड्याने घेत असाल तर आदल्या दिवशी घरी आणून घालून बघा, चेन आणि हुक तपासा, आणि आधीचे डाग दुकानदाराला दाखवून ठेवा, म्हणजे डिपॉझिटवरून वाद होत नाही. जाळीचे झगे अंगाला टोचतात. आत सुती शमीज घालाच. आगीजवळ ही जाळी झटकन पेट घेते, हे औक्षणाच्या वेळी लक्षात असू द्या (प्रश्न १३).

मला विचाराल तर आजीच्या जुन्या रेशमी साडीचं परकर-पोलकं शिवून घ्या. शिंप्याला पंधरा दिवस आधी कापड द्या आणि परकराला खालून चार बोटं दुमड ठेवायला सांगा, पुढच्या वर्षीही होतं. राजपुत्राला धोतर-सदरा आणि कोल्हापुरी फेटा. फेटा डोक्यावर बांधायचा नसेल तर टोपीवर बांधून तयार करून घ्या. गरम झालं की मुलाला काढता येतो.

पाहुण्या मुलांना ‘वेशभूषा करून या’ असं सांगू नका. कुणाच्या घरी ते परवडत नाही, कुणाला वेळ नसतो. दारातच प्रत्येकाला पुठ्ठ्याचा मुकुट किंवा ओढणीचा शेला द्या. सगळे सारखेच राजे होतात.

११. केक कसा आणि किती?

१ किलो केक साधारण १०-१२ जणांना पुरतो. लहान मुलं त्याहून कमी खातात. फाँडंटचे बुरूज दिसायला सुंदर असतात, पण मुलं ते चाटून टाकून देतात आणि दमट हवेत त्याला पाणी सुटतं. साधा केक घ्या आणि वर गोष्टीतली एकच खूण ठेवा: भोपळा, चप्पल, उंदराची टोपी. केकवरचा चमचम करणारा भुगा खाण्याजोगा आहे ना, हे बेकरीत स्पष्ट विचारा. हस्तकलेची चमकी खायची नसते. अंडं चालत नाही अशी मुलं बहुतेक असतातच, म्हणून बिनअंड्याचा केक सगळ्यांनाच चालतो.

१२. जेवणात काय ठेवायचं? मोठ्यांना कोल्हापुरी हवं, मुलांना तिखट चालत नाही.

दोन वेगळी टेबलं. मोठ्यांना मिसळ द्या, भेळ द्या. तांबडा-पांढरा करायचा असेल तर मुलं गेल्यावर रात्रीच्या पंगतीला करा. मुलांच्या टेबलावर हाताने उचलून दोन घासांत संपेल असंच हवं: छोटे आप्पे, इडल्या, तुपातल्या गुळपोळीचे तुकडे, केळी, लाटीएवढ्या पुऱ्या आणि श्रीखंड. पदार्थांना गोष्टीतली नावं द्या. ‘म्हातारीची तूप-रोटी’ म्हटल्यावर एरवी पोळीला नाक मुरडणारी पोरं दोन-दोन मागतात. शेवटी घोटभर केशर घातलेलं म्हशीचं दूध. कोल्हापुरात ते न देणं बरं दिसत नाही.

५ वर्षांच्या आतल्या मुलांसमोर अख्खे शेंगदाणे, पॉपकॉर्न, गोल गोळ्या आणि अख्खी द्राक्षं ठेवू नका. घशात अडकतात. द्राक्षं उभी चिरून द्या. भडंगात शेंगदाणे असतात, तेव्हा भडंग मोठ्यांच्या टेबलावर. कुणाला शेंगदाणा, दूध, अंडं सोसत नाही का, हे निमंत्रणाच्या फोनवरच विचारून घ्या. आणि बसलेल्या मुलालाच खायला द्या, पळणाऱ्याला नाही.

१३. सासूबाई म्हणतात मेणबत्ती विझवायची नाही, मुलीला मेणबत्ती हवीच आहे. काय करू?

आधी औक्षण करा. पाटाभोवती रांगोळी, निरांजन, सुपारी, अंगठी, सगळं शांतपणे, आजीच्या हातून. ते गोष्टीतही बसतं, राजकन्येला ओवाळायला नको का? निरांजन विझवायचं नसतं, ते देवापुढे नेऊन ठेवा. केकवर मेणबत्तीऐवजी कागदी झेंडा किंवा फूल खोवता येतं, मुलीने ते उपटायचं आणि टाळ्या. मुलगी मेणबत्तीसाठी अडूनच बसली तर सासूबाईंशी आधी एकट्यात बोला. पाहुण्यांसमोर तो वाद आला की मुलगीच रडवेली होते. झगा, पंख, ओढण्या ज्योतीपासून हातभर लांब हव्यात आणि केस बांधलेले.

१४. दीड-दोन तासांत नेमकं काय काय करायचं?

सिंड्रेला धरून सांगते. दारात प्रत्येक मूल चप्पल काढतं. एक माणूस गुपचूप प्रत्येक जोडीतली एक चप्पल लपवून ठेवतो. पहिली पंधरा-वीस मिनिटं सगळे येईपर्यंत मुकुट रंगवणं. मग सतरंजीवर गोष्ट, १० मिनिटं, त्याहून जास्त नाही. गोष्टीत भोपळ्याचा रथ येतो तिथे थांबायचं आणि मुलांनी खरा भोपळा गोल बसून एकमेकांकडे गडगडवायचा. लहानसाच भोपळा घ्या. मग राजवाड्यातला नाच, हलगी किंवा ढोलकीवर. वाजणं थांबलं की पुतळा व्हायचं. मग औक्षण, केक, खाणं.

खाऊन झालं की कुणीतरी मोठ्याने विचारतं, ‘एकच चप्पल सापडली, ही कुणाची?’ आणि घरभर शोधाशोध सुरू होते. सगळ्यांच्या जोड्या जुळल्या की पितळी ताटावर बाराचे टोले द्या. टोले पडले की सिंड्रेलाला घरी जावंच लागतं, तसं पाहुण्यांनाही. मुलं हट्ट न करता चपला घालून दारात उभी राहतात, कारण गोष्टच तशी आहे.

कुणीही बाद होणारे खेळ नकोत. ४ वर्षांच्या मुलाला बाद होऊन कोपऱ्यात बसणं फार लागतं.

१५. आम्हाला गोष्ट सांगता येत नाही. कलाकार बोलवायचा का?

बोलवू शकता, पण आधी घरातल्यांकडे बघा. आजोबा, आत्या, शेजारच्या काकू, कुणाला तरी हे हमखास येतं. वाचून दाखवू नका, पाठही करू नका. प्रसंगांचा क्रम लक्षात ठेवा आणि पालुपद मुलांना म्हणू द्या. ‘आटपाट नगर होतं’ म्हणून सुरुवात केली की आवाज आपोआप लागतो. आठवडाभर रोज रात्री आपल्याच मुलाला ती गोष्ट सांगा. कुठे तो हसतो, कुठे ‘मग?’ म्हणतो ते कळतं, आणि वाढदिवसाच्या दिवशी तुम्ही अडलात तर तोच पुढचं सांगतो. कलाकार बोलावलाच तर मुलांची वयं आणि गोष्ट त्याला आधी कळवा आणि माइकचा आवाज कमी ठेवायला सांगा. उघड्यावर स्पीकर रात्री १० नंतर लावता येत नाही, पण या वयाच्या मुलांची पार्टी त्याच्या कितीतरी आधी संपलेली असावी.

१६. मागच्या वेळी चेटकीण बघून तीन मुलं रडली. चेटकीण काढूनच टाकायची का?

काढू नका. गोष्टीत भीती थोडी हवीच, तिच्यावर मात करण्यातच मजा आहे. मुखवटा मात्र घालू नका. ओळखीचा चेहरा अचानक नाहीसा होतो, त्याला मुलं घाबरतात. मावशी मुलांसमोरच काळी शाल पांघरते आणि चेटकीण होते, मुलांसमोरच शाल काढते आणि मावशी होते. एवढं दिसलं की मुलं हसतात.

जुन्या छापील गोष्टी जशाच्या तशा सांगू नका. ग्रिम बंधूंच्या १८१२ च्या संग्रहात हिमगौरीची आई (पुढच्या आवृत्त्यांत सावत्र आई) तापवलेले लोखंडी बूट घालून मरेपर्यंत नाचते. पेरोच्या लाल टोपीवालीला लांडगा खातो आणि कथा तिथेच संपते. अशा गोष्टींचा शेवट ३ वर्षांच्या मुलांसाठी बदलून घेणं योग्यच आहे. लांडगा पळून जातो, पुरे.

१७. राजवाड्यात धूर, बर्फाचा स्प्रे, फटाक्याची मेणबत्ती ठेवू का?

नको. ड्राय आइस म्हणजे घनरूप कार्बन डायऑक्साइड, उणे ७८ अंशांचा. हात लागला तर कातडी भाजते, चुकून खाल्ला तर आतून भाजतं आणि बंद खोलीत त्याचा वायू साचतो. पांढऱ्या फेसाचा स्प्रे ज्योतीजवळ पेट घेतो. ढगांसाठी कापूस आणि त्यामागे निळा एलईडी दिवा पुरतो.

१८. रिटर्न गिफ्ट काय द्यावं?

गोष्टीतली एक वस्तू. भोपळ्याच्या गोष्टीला मातीचं बोळकं आणि भोपळ्याच्या बिया, उंदराच्या गोष्टीला शिंप्याकडच्या चिंध्यांची गोंड्याची टोपी, जादूच्या वेलीला घेवड्याचं बी. ४ वर्षांच्या आतल्या मुलांना बी देताना ते आईच्या हातात द्या. ज्यांची भावंडं न बोलावता आली आहेत त्यांच्यासाठी तीन-चार जास्तीच्या ठेवा.

१९. बजेट कमी आहे. कशावर खर्च करावा?

खाण्यावर आणि एका कपड्यावर. राजवाडा खोक्यांचा (प्रश्न ७), जागा घरची (प्रश्न ४), गोष्ट सांगणारं घरचं (प्रश्न १५). सगळ्यात जास्त पैसे हॉल आणि डेकोरेटरवर जातात, आणि मुलांच्या आठवणीत या दोन्ही गोष्टी राहत नाहीत. कर्ज काढून किंवा हप्त्यावर वाढदिवस कधीही करू नका.

२०. आम्हाला मुलगा आहे आणि त्याला परी व्हायचंय. घरचे हसतील.

त्याला पंख द्या. ५ वर्षांच्या मुलाला उडायचं असतं, एवढाच त्याचा अर्थ. घरच्यांना आदल्या दिवशी स्पष्ट सांगा की त्याच्यासमोर कुणी चेष्टा करायची नाही. तसंच मुलीला राजकन्या न होता वाघ व्हायचं असेल तर तिला वाघ होऊ द्या. भोपळ्याच्या गोष्टीत वाघ लागतोच.

२१. पाहुण्यांमधल्या एका मुलीला सावत्र आई आहे. मग सिंड्रेला कशी करायची?

बरं झालं, हे आधी लक्षात आलं. गोष्टीत ‘सावत्र’ हा शब्द न आणता ‘घरातली एक रागीट बाई’ म्हटलं तरी कथा चालते. नुकतीच आई गेलेलं मूल असेल तर गोष्टच बदला. आईविना पोरीची कथा त्या दिवशी नको.

हिमगौरीबद्दल आणखी एक. ‘सगळ्यात गोरी कोण?’ असं आरशाला विचारू नका. समोर बसलेल्या सावळ्या मुली ते ऐकत असतात आणि विसरत नाहीत. ‘सगळ्यात प्रेमळ कोण?’ असं विचारा. आरसा मुलांपुढे फिरवा आणि प्रत्येकाचं नाव घ्या.

२२. एका मुलाला मोठा आवाज आणि गर्दी सहन होत नाही. त्याला बोलवायचं तर काय करावं?

बोलवाच. त्याच्या आईला आधी फोन करून त्याला काय आवडतं आणि कशाने त्रास होतो ते विचारा. शक्य असेल तर सगळ्यांच्या आधी अर्धा तास येऊ द्या, म्हणजे जागा ओळखीची होते. आतल्या खोलीत उशा, चादरीचा तंबू आणि मंद दिवा असलेली ‘बुटक्यांची गुहा’ करा. ती सगळ्यांसाठीच उघडी ठेवा, म्हणजे त्याला वेगळं काढल्यासारखं वाटत नाही. फुगे फोडण्याचा खेळ ठेवू नका. टाळ्यांऐवजी दोन्ही हात वर करून बोटं हलवायची, असा राजवाड्याचा नियम करता येतो.

२३. मुलांचे फोटो व्हॉट्सॲपवर, इन्स्टाग्रामवर टाकले तर चालतील का?

आपल्या मुलाचे तुमच्या इच्छेवर. दुसऱ्यांच्या मुलांचे त्यांच्या पालकांना विचारूनच, आणि शाळेचं नाव किंवा घराचा पत्ता दिसेल असे कधीच नाही.

२४. सगळी तयारी झाली आणि ऐनवेळी वाढदिवसाचं मूलच रडायला लागलं, ड्रेस घालायला तयार नाही. तेव्हा?

हे फार वेळा होतं. ती सकाळपासून जागी असते, घरात गर्दी असते, सगळे तिच्याकडेच बघत असतात. तिला पाहुण्यांतून उचलून आतल्या खोलीत न्या, पाणी द्या, झगा काढून रोजचा सुती फ्रॉक घाला. बाहेर तोवर मुकुट रंगवणं चालू ठेवा. ‘सगळे वाट बघतायत’ असं म्हणू नका, त्याने रडणं वाढतं. ती मांडीवरच बसणार म्हणाली तर मांडीवर बसवून गोष्ट ऐकू द्या, केक तिथेच आणा. फ्रॉकवर नुसता मुकुट चढवला तरी पुरतं, आणि मुकुटही नको म्हणाली तर तो आजीच्या डोक्यावर ठेवा.